पहिली-दुसरीच्या गणिताचं रेडिमेड वार्षिक नियोजन: वर्षभर वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन स्टार. रिव्ह्यू लांब झालाय, पण वर्षभर वापरलेल्या वस्तूबद्दल 'मस्त आहे, घ्या' एवढंच लिहून मोकळं होणं मला जमत नाही. मी घेताना जे रिव्ह्यू वाचले होते ते सगळे पाकीट फोडलं त्याच दिवशी लिहिलेले, तक्ता किती रंगीत आहे, कागद किती जाड आहे, बॉक्स किती छान आलाय. अहो पण शिकवून बघितलं का कोणी?

तर वस्तू अशी आहे. पहिलीचा एक संच आणि दुसरीचा एक, वेगवेगळे घ्यावे लागतात. प्रत्येकात ३६ आठवड्यांचा भिंतीवरचा तक्ता, आठवड्याला एक पान असं तयार टाचण (कोणत्या दिवशी काय आणि कसं शिकवायचं त्याची टिपणं), ठिपक्यांची आणि अंकांची कार्डं, रंगीत कागदी पट्ट्या, मुलांच्या सरावाच्या पानांची पीडीएफ, एक निरीक्षण वही आणि सोबत ॲप. ॲपमध्ये आपल्या शाळेच्या तारखा टाकल्या की नियोजन आपोआप पुढेमागे सरकतं असं लिहिलेलं आहे, त्याबद्दल नंतर बोलते. माझ्याकडे पहिली आणि दुसरी एकाच खोलीत बसतात, १७ आणि १४ अशी ३१ मुलं, त्यामुळे मी दोन्ही संच घेतले. घेण्याचं कारण काही फार थोर नव्हतं. दरवर्षी वार्षिक नियोजन म्हणजे मागच्या वर्षीचं काढायचं, वरचं साल बदलायचं, सही घ्यायची आणि कपाटात ठेवायचं, हे आपण सगळेच करतो, उगाच नाही म्हणू नका. म्हटलं एकदा कोणीतरी नीट विचार करून बनवलेलं वापरून बघू.

छत्तीस आठवड्यांचं नियोजन, आणि पहिले दोन महिने माझं त्याच्याशी छत्तीसचाच आकडा होता.

कारण एकच, वेळ. आठवड्याला ५ तासिका गुणिले ३६ म्हणजे १८०, आणि त्या १८० च्या १८० तासिका यांनी भरून टाकल्यात, एकही आठवडा मोकळा नाही, एकही 'मागे राहिलं ते इथे घ्या' असा रकाना नाही. मी वर्षभर वहीत रेघा मारत होते, प्रत्यक्षात गणिताच्या तासिका झाल्या १४६. बाकीच्या ३४ कुठे गेल्या ते शिकवणाऱ्या कोणालाही विचारा, परीक्षा, कार्यक्रमाची तालीम, मीटिंगा, मुलांची आजारपणं, माझं एक आजारपण, आणि पहिल्या आठवड्यात तर मुलं रडतच असतात, त्यात गणित कसलं. ३४ तासिका म्हणजे जवळजवळ सात आठवडे. आता गंमत बघा, तक्त्यात शेवटच्या सात आठवड्यांत काय ठेवलंय तर लांबी, वजन, धारकता (भांड्यात किती मावतं ते), घड्याळ, कॅलेंडर आणि चित्रालेख (मोजलेलं चित्रांनी दाखवायचं). म्हणजे जे मुलांना सगळ्यात जास्त हाताने करायला आवडतं आणि रोजच्या जगण्यात लागतं तेच नेमकं उडतं, दरवर्षी, सगळ्यांचं. मी तिसऱ्या महिन्यात ठरवलं आणि मापनाला आठवड्यातला एक दिवस देऊन टाकला, शुक्रवारी काठ्या, दोऱ्या, बाटल्या घेऊन बसायचं म्हणजे बसायचं, संख्याज्ञान कुठपर्यंत आलंय त्याच्याशी संबंध नाही. हे त्यांनीच करून द्यायला हवं होतं.

ॲपचं आता इथेच सांगते म्हणजे राग एकदाच निघेल. सुट्टी टाकली की पाठ पुढे सरकतात, खरंच सरकतात, पण रोजची पाच मिनिटांची उजळणी सरकत नाही, ती तारखेला चिकटून बसते. त्यामुळे दहा दिवसांच्या सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी उजळणीत अशी उदाहरणं आली जी अजून शिकवलीच नव्हती. मी त्यांना लिहिलं, उत्तर आलं 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे', परत लिहिलं, परत तेच, तिसऱ्यांदा स्क्रीनशॉट जोडून लिहिलं तर तेच वाक्य आणि खाली वेगळ्या माणसाची सही. त्यानंतर ॲप उघडलंच नाही, पेन्सिल आणि खोडरबर जिंदाबाद.

उजळणीची कल्पना मात्र यातली उत्तम गोष्ट आहे. रोज पाच प्रश्न, दोन कालच्या पाठावरचे, दोन मागच्या आठवड्यातले आणि एक महिन्यापूर्वीचा. मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाऊसने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि मग हळूहळू, आणि थोड्या थोड्या दिवसांनी परत आठवायला लावलं की ते टिकतं. हे आपण ट्रेनिंगमध्ये पाठ करतो आणि वर्गात मात्र घटक संपला की त्या घटकाला थेट परीक्षेतच भेटतो. इथे तो महिन्यापूर्वीचा एक प्रश्न फार कामाचा ठरला, त्यातच कळायचं की कोणाचं काय गळून पडलंय.

आता क्रमाबद्दल, म्हणजे कशानंतर काय शिकवायचं. यात त्यांनी खरंच डोकं लावलंय. पहिलीच्या पहिल्या चार आठवड्यांत अंक लिहायचेच नाहीत, फक्त मोजायचं, लावायचं, जुळवायचं. मलाच पटत नव्हतं, पालकांना तर अजिबातच नाही, एक आजोबा येऊन म्हणाले, बाई महिना झाला वहीत काहीच कसं नाही? पण त्या चार आठवड्यांत जे दिसलं ते मी इतक्या वर्षांत नीट बघितलं नव्हतं. एक मुलगा शंभरपर्यंत धडाधड म्हणतो, घरच्यांना कौतुक, आणि त्याच्यासमोर ७ बटणं ठेवली तर म्हणणं पुढे पळतं आणि बोट मागे राहतं, एका बटणावर दोन आकडे पडतात, शेवटी नऊ. दुसरी मुलगी बरोबर मोजते, एक ते सात, मग विचारलं 'मग किती आहेत?' तर परत पहिल्यापासून मोजायला लागते, म्हणजे शेवटचा आकडा हाच सगळ्यांचा मिळून आकडा हे तिला अजून उमगलेलंच नाही. रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजण्याची पाच तत्त्वं मांडली होती, एका वस्तूला एकच आकडा, आकड्यांचा क्रम पक्का, शेवटचा आकडा म्हणजे एकूण, काहीही मोजता येतं, आणि कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच. संचातल्या निरीक्षण वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे हे पाच रकाने आहेत, आणि ते भरायला बसलं की कळतं 'याला शंभरपर्यंत येतं' या वाक्याला काही अर्थ नाही. दोन ओळींत सारखी बटणं लावून एक ओळ पसरली की 'आता इथे जास्त झाली' म्हणणारी १७ पैकी ९ मुलं निघाली. वस्तू पसरल्या तरी तेवढ्याच राहतात हे लहान मुलांना कळत नाही, असं दाखवणारा मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे आठवला.

ठिपक्यांची कार्डंही छान आहेत. कार्ड दोन सेकंद दाखवायचं आणि लपवायचं, किती होते सांगा. तीन-चारपर्यंत मुलं न मोजता सांगतात, त्यापुढे मग 'बाई मला चार आणि दोन दिसले' असं म्हणायला लागतात, आणि बेरीज तिथेच सुरू झालेली असते, तुम्ही अधिकचं चिन्ह फळ्यावर काढायच्या कितीतरी आधी.

बेरजेच्या भागावर मी सगळ्यात खूश आहे. ० ते ९ मधल्या दोन-दोन अंकांच्या बेरजा १०० होतात. ३ + ५ आणि ५ + ३ एकच धरल्या तर ५५. आता या संचाने त्या ५५ ची अशी फोड केलीय की शून्य मिळवायच्या १० आधी, मग एक मिळवायच्या ९, म्हणजे नुसती पुढची संख्या, मग दुपटीच्या ८, मग दहाच्या जोड्या २ + ८, ३ + ७, ४ + ६, पाच-पाच दुपटीत आलेच. झालं, तीस संपल्या आणि उरल्या २५. त्यातल्या ६ + ७ सारख्या सात दुपटीच्या शेजारच्या आहेत, सहा-सहा बारा आणि एक तेरा. बाकीच्या १८ साठी दहाची चौकट, म्हणजे दहा घरांचा चौकोन, ८ + ५ करताना पाचातले दोन देऊन आठचे दहा करायचे आणि उरलेले तीन. हे मी आधी कधी असं मोजलं नव्हतं हो. बोटं मोडत मोजणाऱ्या मुलांना 'बोटं नको' म्हणून ओरडण्यापेक्षा त्यांना दुसरा रस्ता दिला की बोटं आपोआप सुटतात, माझ्या दुसरीतल्या १४ पैकी ११ जणांची सुटली, तिघं अजून बोटांवर आहेत आणि राहू देत, घाई नाही.

इथपर्यंत वाचून घ्यावंसं वाटत असेल तर थांबा जरा, आता मोठी गडबड सांगते.

हे नियोजन मराठीत छापलंय पण मराठीत विचार करून केलेलं नाही. अकरा ते नव्याण्णवसाठी यांनी चार आठवडे दिलेत आणि टाचणात सूचना काय, तर 'तेरा आणि तीस, चौदा आणि चाळीस यांच्या उच्चारात मुलांचा गोंधळ होतो, त्याकडे लक्ष द्या'. चौदा आणि चाळीस! मी इतकी वर्षं शिकवते, एका पोराचा कधी चौदा आणि चाळीसमध्ये गोंधळ झालेला नाही. तो गोंधळ थर्टीन-थर्टीचा, फोर्टीन-फोर्टीचा आहे, इंग्रजी टाचण उचलून शब्द बदललेत बास. आपला गोंधळ वेगळाच आहे आणि त्यावर एक ओळ नाही. एकोणतीस म्हटलं की पोरगं ३९ लिहितं, का, तर कानाला तीस ऐकू आलं ना. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत अशा आठ संख्या आहेत ज्यांच्या नावात पुढचं दशक बोललं जातं आणि लिहायचं असतं मागचं, आणि मुलाला ही युक्ती कळतेय तोवर नव्याण्णव येतो जो 'एकोणशंभर' नसतो, म्हणजे तोही नियम पाळत नाही. दुसरं म्हणजे आपण एकक आधी बोलतो. सत्तेचाळीसमध्ये सात आधी ऐकू येतो म्हणून मूल सात आधी लिहितं आणि ७४ करून ठेवतं, त्रेसष्टचे ३६ होतात, पंचवीसचे ५२. (जर्मनमध्येही एकक आधी बोलतात, तिथल्या पोरांचीही हीच तऱ्हा असणार, तेवढंच समाधान.) आणि दशकांचे रूप तरी एक आहे का, बावन्नमधला वन्न, छप्पनमधला पन्न, दोन्ही पन्नासचेच. अकरा ते नव्याण्णव ही ८९ नावं जवळजवळ वेगवेगळी शिकायची असतात, त्याला चार आठवडे म्हणजे चेष्टा आहे. मला नऊ लागले. मी काय केलं, तर प्रत्येक संख्या दोनदा म्हणायची, 'चार दशक सात, सत्तेचाळीस', हातात गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या घेऊन, आणि लिहिताना दशकाचं घर आधी भरायचं. एकोणच्या आठ संख्यांना वेगळा आठवडा दिला, गणितमाळेवर (मोजायच्या मण्यांची माळ) तिसाव्या मण्यावर बोट ठेवायचं आणि एक मणी मागे यायचं, एकाने उणे तीस, म्हणून एकोणतीस. मुलांना शब्दातलं हे गुपित कळलं की इतकी मजा वाटते, एकाने लगेच विचारलं मग दोन मागे आलं तर काय म्हणायचं? बरोबर आहे त्याचं.

दशक-एककाच्या साहित्याबद्दल. कागदी पट्ट्या दिल्यात, एक सेंटिमीटर ते दहा सेंटिमीटर, प्रत्येक लांबीला वेगळा रंग. मूळ कल्पना बेल्जियमचे शिक्षक जॉर्ज क्विझनेर यांच्या लाकडी कांड्यांची, चांगलीच कल्पना, पण लाकडाचं कागदावर आणलं की काय होतं, आठवड्याभरात कडा वळतात आणि पंखा लावला की एकच्या पट्ट्या खोलीभर उडतात. शिवाय तीनचा फिकट हिरवा आणि सहाचा गडद हिरवा छपाईत जवळजवळ सारखेच आलेत. आणि शंभरचे चौरस, दहाच्या पट्ट्या, एकचे तुकडे असा दुसरा संच आहे, गणितज्ञ झोल्टन डीन्स यांच्या ठोकळ्यांसारखा, तोही कागदी. माझं म्हणणं असं की पहिलीला हे सगळं बाजूला ठेवा आणि काड्या नि रबर आणा. दहा काड्या मूल स्वतः मोजतं, स्वतः रबर लावतं, आणि वजाबाकीत रबर काढलं की दहा काड्या खरोखर सुट्ट्या होतात. दहाची पट्टी तुटत नाही, ती 'बदलून' घ्यावी लागते, आणि ज्या मुलाने अजून गठ्ठा सोडलेलाच नाही त्याला ही अदलाबदल म्हणजे जादूचा प्रयोग वाटतो.

अजून एक खोड म्हणजे वस्तू, चित्र, चिन्ह. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनरने १९६० च्या दशकात मांडलेलं तत्त्व, आधी हाताने, मग चित्राने, मग चिन्हाने, आणि ते योग्यच आहे. पण यांनी त्याचं वेळापत्रक केलंय. सोमवारी वस्तू, मंगळवारी चित्र, बुधवारपासून चिन्ह, प्रत्येक घटकाला, दर आठवड्याला. अहो एखाद्या मुलाला वस्तू पंधरा दिवस लागतात आणि एखादं मूल सोमवारी दुपारीच वस्तू बाजूला सारून वहीत लिहायला बसतं. मुलं काय वार बघून शिकतात का.

वजाबाकी. दशक सोडवून (एका दशकाचे दहा सुटे करून) करायच्या वजाबाकीला दुसरीच्या संचात फक्त पाच तासिका, आणि सहाव्या तासिकेला चाचणी. चाचणीत ५२ − २७ दिलं, १४ पैकी ८ जणांनी ३५ लिहिलं. दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन घालवले, पाच, आणि पाचातून दोन, तीन. चुकलं कुठे हे शोधायला मागची पानं चाळली तर पहिल्या सत्राच्या टाचणात ठळक अक्षरात चौकटीत वाक्य, 'नेहमी मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी'. म्हणजे पोरांनी आपलंच ऐकलं होतं! ते वाक्य मी खोडलंय, तुम्ही घेतलात तर पहिल्या दिवशी खोडा. मग तीन आठवडे गठ्ठे सोडण्यात घालवले. त्याच संचात रिकाम्या संख्यारेषेची, म्हणजे आकडे न छापलेल्या नुसत्या रेघेची पानं आहेत, नेदरलँड्समध्ये विकसित झालेली पद्धत, ती मात्र कमालीची उपयोगी पडली. २७ वर उभे राहा, तीन उड्या ३०, वीस उड्या ५०, दोन उड्या ५२, झाले २५. दोन मुली तर उभी मांडणी सोडून हेच तोंडी करायला लागल्या. पण ही पानं टाकलीत पुरवणीत, सगळ्यात शेवटी, 'वेळ उरल्यास'. वेळ उरल्यास म्हणे.

शाब्दिक उदाहरणांवर मी जास्त बोलणार कारण सगळ्यांची मुलं इथेच अडकतात. दुसरीच्या पहिल्या सत्रात ४० शाब्दिक उदाहरणं आहेत, मी बसून वर्गवारी केली, ३१ एकाच साच्यातली आहेत, होते, आले किंवा गेले, आता किती. आणि वर तक्ता दिलाय, 'मिळून, एकूण, जास्त' दिसलं की बेरीज, 'उरले, कमी' दिसलं की वजाबाकी. हा तक्ता भिंतीवर लावू नका, हात जोडून सांगते. मी एक दिवस फळ्यावर लिहिलं, रेश्माकडे ९ मणी आहेत, ते सलमापेक्षा ४ ने जास्त आहेत, तर सलमाकडे किती? वर्गभर तेरा तेरा. 'जास्त' दिसलं ना. मग दुसरं, काही मणी होते, ३ देऊन टाकले, ५ उरले, तर आधी किती होते? दोन. 'उरले' दिसलं ना. म्हणजे वाचायचं सोडून शब्द शोधायची सवय लागते, आणि वरच्या वर्गात गेल्यावर हीच मुलं 'गणित येतं पण उदाहरण कळत नाही' म्हणून ओळखली जातात. मी नंतर आकडेच काढून टाकले, नुसती गोष्ट वाचायची, काय घडलं ते मण्यांनी करून दाखवायचं, आणि मग आकडे घालायचे. वेळखाऊ आहे, आठवड्याला तीनच उदाहरणं होतात. होऊ देत.

बरोबरच्या चिन्हाचीही तीच गत. सरावाच्या एकूण एक पानावर चौकोन उजवीकडे शेवटीच, ८ + ४ = चौकोन. वर्षभर हेच बघितलेल्या मुलाला '=' म्हणजे 'आता उत्तर लिहा' असंच वाटणार. ८ + ४ = □ + ५ दिलं तर माझ्या १४ पैकी १२ जणांनी १२ लिहिलं आणि एकीने सगळ्यांची बेरीज करून १७. सात लिहिणारा एकच. मग तराजू आणला, दोन्ही पारड्यांत मणी टाकले, आणि पुढचा महिनाभर रोज एक उलटसुलट उदाहरण, १२ = ८ + □, ७ = ७, ६ + २ = ५ + ३ खरं की खोटं. ७ = ७ बघून मुलं म्हणतात बाई हे चुकीचं आहे, यात उदाहरणच नाही. याला संचात एक पान जरी दिलं असतं तरी बास होतं.

गुणाकार ठीक आहे, रांगा आणि स्तंभ लावून सुरुवात, मग २, ५, १० चे पाढे, पाठांतराची घाई केलेली नाही, छान. आकार ठीक, फक्त चौरस सगळीकडे सरळ उभा काढलाय, जरा तिरका फिरवून ठेवला तर मुलं त्याला चौरस म्हणत नाहीत, तेवढं तुम्ही करा. नाण्यांची पानं रिकामी ठेवलीत म्हणजे आपापल्याकडची नाणी चिकटवायची, शहाणपणाचं आहे. चित्रालेखावर फक्त दोन तासिका, पण आम्ही कोणाचे किती दात पडले याचा केला आणि तो महिनाभर वाढतच राहिला.

दोन वर्ग एकत्र असतील तर मात्र हे तुमच्यासाठी बनवलेलंच नाही हे लक्षात ठेवा. पहिलीला सोमवारी नवीन पाठ, दुसरीलाही सोमवारी नवीन पाठ, एक बाई दोन ठिकाणी कशी उभी राहणार. मी दुसरीचं सगळं दोन दिवस पुढे ढकललं, म्हणजे एका गटाला नवीन तेव्हा दुसऱ्याला सराव, आणि मोजमाप, आकार, घड्याळ दोघांना एकाच आठवड्यात. दोन्ही तक्ते कापून, चिकटवून तिसरा तयार केला, दोन रविवार गेले. दोन संच विकणाऱ्यांनी हे एक पान करून द्यायला काय हरकत होती.

निरीक्षण वही पुढच्या वर्षी परत घेणार, एवढी आवडली. मार्क नाहीत, प्रत्येक कौशल्यापुढे तीन घरं, 'एकट्याने करतो', 'मदतीने करतो', 'अजून नाही', आणि तारीख. रोज चारच मुलांकडे बघायचं, आठ दिवसांत ३१ होतात. पालक आले की वही उघडून दाखवायची, हे बघा, मागच्या महिन्यात मदतीने, आता एकट्याने. ते आजोबा परत आले होते, वही बघून गेले, काही बोलले नाहीत पण नातवाला घरी काड्यांचे गठ्ठे करून दिले असं कळलं.

मग घ्यायचं का? नवीन शिक्षक असाल, एकच वर्ग असेल, आणि तक्त्यावर पेन चालवायची भीती नसेल तर घ्या, बेरजेचा भाग, रोजची उजळणी आणि निरीक्षण वही एवढ्यातच पैसे वसूल आहेत. घरी शिकवणाऱ्या आईबाबांनी पहिलीचा घ्यावा, दुसरीचा नाही घेतला तरी चालेल. मी पुढच्या वर्षी २९ आठवडे धरणार, त्यात दर सहाव्या आठवड्यानंतर चार दिवस कोरे, संख्यानावांना नऊ आठवडे, आणि ते ॲप फोनमधून केव्हाच उडवलंय.

आणि हो, घड्याळाची कार्डं राहिलीच. साडेतीनच्या कार्डावर मिनिट काटा सहावर आणि तास काटा बरोब्बर तीनवर, साडेसातला बरोब्बर सातवर, सगळ्या साडेच्या कार्डांवर तसंच. तास काटा अर्ध्या वाटेवर असायला हवा एवढं तरी बघायचं छापण्याआधी. मी ते कार्ड घाईघाईत फळ्याला लावलं आणि पहिलीतलीच एक मुलगी खऱ्या घड्याळाकडे बघत म्हणाली, बाई, यांचं बारकं घड्याळ बंद पडलंय. आता दुसरीची पोरं लाल पेनाने एकेका कार्डावर तास काटा पुढे सरकवतायत, १२ कार्डं आहेत, ७ झाली.